तिसऱ्यांदा उचललेला भंडारा

मतदानाच्या दिवशी मला अजून हळदीचा वास येतो. आमच्या विश्रामबागेतल्या केंद्रावर हळद कुठून असणार? तिथं फिनेलनं पुसलेली फरशी असते आणि रांगेतल्या पेन्शनर बायकांच्या पावडरीचा वास असतो. तरी बोटाला शाई लागली आणि मी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले की नाकात हळद भरते आणि तळहाताला घाम सुटतो. सुनेला एकदा हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, बी.पी. तपासून घ्या. घेतलं. बी.पी. चांगलं आहे. भीतीला गोळी नसते हे तिला कुठं सांगत बसू? म्हणून लिहायला घेतलं.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची मुलं-नातवंडं तिथं आहेत, रस्त्यात भेटली की बाई म्हणून नमस्कार करतात, आणि खरं सांगायचं तर मलाच अजून धीर होत नाही. तालुक्याचं गाव, कृष्णेच्या अलीकडं, साताऱ्याला जायला जितका वेळ लागे तितकाच सांगलीला. नगरपालिका, एक टॉकीज, उसाच्या गाड्यांनी खड्डे पाडलेला एक मोठा रस्ता आणि त्याच्या दोन्ही टोकांना जकात नाका. अशा गावात कोण कुणाला मत देतं हे कुणी कुणाला विचारत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. वरच्या आळीत उसाचे बागायतदार, ती आळी मालकांची. मालक म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. फौजी आळीत घरटी एक माणूस पलटणीत, ती आळी पेन्शनीवर घरी आलेल्या सुभेदारांचं ऐकायची. बाजारपेठ मात्र हुशार, गुलाल कुणाच्या अंगावर पडतोय ते बघून हार घेऊन निघायची. आणि ओढ्यापलीकडचा आमचा धनगरवाडा मालकांचा, तो अगदी आजा-पणज्यापासूनचा.

त्याला कारण होतं. आमची माणसं मूळची माणदेशाकडची, दुष्काळी मुलखातली. कुठल्याशा दुष्काळात मेंढरं घेऊन इकडं उतरली तेव्हा मालकांच्या आजोबांनी ओढ्यापलीकडचं माळरान बसायला दिलं. त्यावर घरं झाली, बिरोबाचं देऊळ झालं, पण कागद कधी झाला नाही. सगळं तोंडी. त्या तोंडी शब्दावर आम्ही तीन-चार पिढ्या राहत होतो आणि दर निवडणुकीला त्याची आठवण न करून देताही ती सगळ्यांना असायची. आमच्या वॉर्डात दोनच पेट्या, एक धनगरवाड्याची आणि एक फौजी आळीची. पेट्या वेगवेगळ्या फोडून मोजत, त्यामुळं कुठली आळी कुणीकडं गेली हे दुपारपर्यंत गावभर होई. धनगरवाडा मोठा, फौजी आळी लहान, म्हणून वॉर्डाची जागा कायम मालकांच्या माणसाची. शाळेत गुरुजी सांगायचे, मत गुप्त असतं. मी घरी येऊन ते सांगितलं तर आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जकात नाक्यावर पावत्या फाडायचे. आळीतले पहिले सातवी पास. मालकांनीच शब्द टाकून लावलं होतं, पण रोजंदारीवर. सात वर्षं झाली, अण्णा अजून कायम व्हायचे होते. नगरपालिका मालकांची, त्यामुळं कायम करणंही त्यांच्याच हातात. घरात 'कायम' हा शब्द देवाच्या नावासारखा यायचा. अण्णा कायम झाले की स्वयंपाकघरावर पत्रे, अण्णा कायम झाले की बाळूच्या छातीला मिरजेचा डॉक्टर, अण्णा कायम झाले की सुलीला मास्तरीणबाई करायची. सुली म्हणजे मी. पावती लिहायची जांभळी पेन्सिल अण्णा जिभेला लावून ओली करायचे, त्यामुळं त्यांचा खालचा ओठ कायम जांभळा असायचा. घरी आले की अंगाला गुळाच्या गाड्यांचा वास यायचा आणि बाळू त्यांचा सदरा हुंगत बसायचा.

आई शाळेत गेली नव्हती. पहाटे तिचं जातं सुरू व्हायचं, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग हुलग्याचं माडगं, आणि दुपारी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर चाती घेऊन लोकर कातायला जमायच्या. दिवाळी झाली की बापे मेंढरं घेऊन कोकणात उतरत ते पावसाळ्याच्या तोंडाला परतत. मधले सगळे महिने आळीत बायका, पोरं आणि चार म्हातारे. त्या ओसरीवर ठकूआत्ती नावाची एक म्हातारी असायची. तिच्या नवऱ्यानं तरणेपणी दुसऱ्याचा मेंढा आपल्या खांडात, म्हणजे कळपात, घातला आणि पंचांपुढं खोटा भंडारा उचलला. आमच्यात शपथ घ्यायची ती अशीच. देवापुढच्या ताटातली हळदीची चिमूट मुठीत धरायची, बोलायचं ते बोलायचं आणि कपाळाला लावायची. आठ दिवसांत त्याची मेंढरं लोळायला लागली आणि महिन्यात खांड रिकामं झालं, असं ठकूआत्ती सांगायची. आज मला ठाऊक आहे की तो मेंढरांचा साथीचा रोग होता, त्याची लस मिळते. पण तेव्हा चाती फिरवता फिरवता ती ते सांगायला लागली की मी बाळूला जवळ ओढून घ्यायची.

त्या साली नगरपालिकेची निवडणूक लागली ती ऐन कोकणच्या दिवसांत. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते आणि माणसांना अजून हळू बोलायची सवय होती. तरी वारं काही वेगळं आहे असं अण्णा नाक्यावरून येऊन सांगायचे आणि सांगून झाल्यावर दार लोटलंय ना ते बघायचे. आमच्या वॉर्डात मालकांनी पुतण्याला उभं केलं, त्याचं चिन्ह छत्री. त्याच्यासमोर खुद्द सुभेदार, त्यांचं चिन्ह शिडी. बापे कोकणात, म्हणजे ही जागा धनगरवाड्यातल्या बायकांच्या हातात आली होती. अशी वेळ आळीवर कधी आली नव्हती. आमच्या बायकांना बोट धरून नेत, दाखवतील तिथं त्या शिक्का मारत आणि येताना बाजारातून मीठ घेऊन येत.

आधी आल्या सुभेदारीणबाई. एका दुपारी हळदी-कुंकू म्हणून देवळाच्या पारावर बायका जमवल्या. त्यांचं माहेर माणदेशातलंच, त्यामुळं बोलणं आमच्यातलं. त्या पाण्यावर बोलल्या. ओढा आटला की नदीवरून घागरी आणायला लागत, खांदे सोलून निघत, आणि नळ येणार येणार म्हणून तीन निवडणुका गेल्या होत्या. सुभेदारीणबाईंनी भाषण केलं नाही, नुसतं विचारलं, तुमच्या पाण्याचं आजवर कोण बोललं? मग त्यांनी देवापुढचं भंडाऱ्याचं ताट मागवलं. शिडीला मत देणार म्हणून बायकांनी भंडारा उचलला, आणि खुशीनं उचलला. आई पहिल्या चार-पाच जणींत होती. कपाळ पिवळं करून ती घरी आली तेव्हा गाणं गुणगुणत होती. अण्णा यायच्या आत मात्र तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, ह्यास्नी सांगू नकोस.

आळीत काय लपतंय! चौथ्या दिवशी मालकांची जीप ओढा ओलांडून आली. जीपमधून त्यांचे दिवाणजी उतरले. दिवाणजी कधी आवाज चढवत नसत, त्यांना त्याची गरजच पडत नसे. मतदारयादी त्यांनी अण्णांच्या हातात दिली आणि नावं वाचायला सांगितली. देवळाच्या पायरीवर ताट ठेवलं. अण्णा एकेक नाव वाचणार, ती बाई पुढं येणार, भंडारा उचलून छत्रीचं नाव घेणार आणि अण्णा जांभळ्या पेन्सिलीनं नावापुढं खूण करणार. दिवाणजी बाजूला उभे राहून माळरानाकडं बघत होते. एवढंच म्हणाले, "जागा लय मोठी झाली रं तुमची. मालक परवाच म्हनत हुते, एकदा मोजाय पायजे."

अण्णा नावं वाचत गेले. त्यांना पहिल्या भंडाऱ्याचा पत्ता नव्हता, त्यामुळं त्यांचा आवाज साफ होता. एकेक बाई पुढं जात होती आणि तिचा चेहरा उतरत होता. आईचं नाव आलं तेव्हा मी बाळूला कडेवर घेऊन देवळाच्या खांबाला टेकले होते. आई चालत गेली, चिमूट उचलली, मूठ मिटली. तिची मूठ हलत होती. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णांनी खूण केली. जाताना दिवाणजी अण्णांना म्हणाले की तुझी पोरगी शाळेत जाते, तिला सांग बायकांना शिक्का कसा मारायचा ते नीट दाखवायला, मतं वाया जायला नकोत. आणि जीपमध्ये बसता बसता सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, की निवडणूक झाली की पहिल्या सभेत सोपानाच्या कायमचं काढतोय. सोपान म्हणजे अण्णा. त्या संध्याकाळी अण्णांनी बाळूला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आई चुलीपुढं बसली होती आणि दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

तिथून मतदानापर्यंतचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्यातले पहिले दिवस आई आणि मी पोटभर जेवलो नाही. शिडीवर शिक्का मारला तर दुसरा भंडारा मोडतो, छत्रीवर मारला तर पहिला. एकीकडं देव, दुसरीकडं पुन्हा तोच देव आणि वर अण्णांची नोकरी. बाळू खोकला की आई दचकायची. घरात कुणी शिंकलं तरी हातातलं काम सोडून ती त्याच्याकडं बघत राहायची. ओसरीवर चात्या फिरायच्या पण कुणी बोलायचं नाही. सगळ्यांनीच दोनदा उचलला होता.

मी बटाटा अर्धा कापून त्यावर फुली कोरली, निळीत बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर शिक्का मारून दाखवायला लागले. एका कोपऱ्यात छत्री काढली, एका कोपऱ्यात शिडी. बायका येत, शिक्का मारून बघत. काही जणींना आधी हसू यायचं, मग त्या दोन चित्रांकडं बघत राहायच्या. तिसऱ्या दुपारी ओसरी रिकामी झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. बटाटा हातात घेतला, उलटासुलटा केला.

"सुले, दोनीवर मारला तर?"

मी बोटांची नीळ पुसत होते.

"छत्रीवर बी आन् शिडीवर बी. मंजे दोनी भंडारं ऱ्हात्यात. चालतंय का तसं?"

मला माहीत होतं. त्याच वर्षी वर्गमंत्री निवडताना गुरुजींनी चिठ्ठ्या करून आमच्याकडून मतदान करून घेतलं होतं, आणि दोन नावांवर खुणा केलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर फाडून टाकल्या होत्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही ते होतं, मी पाठ केलं होतं. बाद होतं, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर आईला दोन्हींतून एक निवडावं लागलं असतं, आणि ती काय निवडेल याची मला भीती वाटत होती. ती शिडी निवडेल असं वाटत होतं. आमच्या पेटीत शिडीची मतं निघाली की अण्णा कायम होणार नाहीत, आणि माझी शाळा तिथंच संपेल. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. सोळा वर्षांची होते म्हणून माफ करा असं मी म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी माणसाला बरंच कळत असतं.

"चालतंय," मी म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी करायला लागले.

आईनं जो सुस्कारा सोडला तो मी जन्मात विसरणार नाही. उठली, चुलीकडं गेली, भाकरी टाकल्या, आणि त्या दिवशी आम्ही खर्डा आणि भाकरी पोटभर खाल्ली. मला वाटलं, एका मताचा प्रश्न आहे, एक मत बाद झालं तर जगबुडी होत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी आणायला निघाले तर ओढ्यावर ठकूआत्ती मला थांबवून म्हणाली, बरं केलंस पोरी, वाट दावलीस. आई एकटीच कशी सुटेल? तिनं सगळ्यांना सोडवलं होतं. दोन्हीवर मारायचा, सुलीनं सांगितलंय, चालतंय. माझ्या हातातली घागर सुटून दगडावर आपटली. मागं फिरावं, घरोघर जावं आणि सांगावं की नाही चालत, असं मनात आलं. पण मग आई विचारणार, काल का म्हणालीस? मी घागरीला पडलेला पोचा आतून ठोकून काढत ओढ्यावर बराच वेळ बसले. घरी आले आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी आमच्या बायका नवीन लुगडी नेसून गेल्या. शाळेच्या पटांगणात एका बाजूला दिवाणजी, दुसऱ्या बाजूला सुभेदार खुर्ची टाकून बसलेले. बायका दोघांकडं बघून मान डोलवत होत्या आणि दोघांनाही बरं वाटत होतं. आडोशामागून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा कसा हलका झालेला असायचा! इतक्या आनंदानं मतदान करणाऱ्या बायका मी पुढं कधी पाहिल्या नाहीत, आणि पुढं मास्तरीण झाल्यावर निवडणुकीच्या ड्यूट्या मी काही थोड्या केल्या नाहीत. मी कुंपणाबाहेर उभी होते.

दुसऱ्या दिवशी पेट्या फुटल्या. फौजी आळीची पेटी सुभेदारांची. धनगरवाड्याची पेटी फोडली तर चार म्हाताऱ्यांची आणि अण्णांची मतं सोडून बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर दोन-दोन शिक्के, आणि तेही कसे, छत्रीवर मधोमध, शिडीवर मधोमध, अगदी शिकवल्यासारखे. एका पेटीत इतकी मतं बाद झालेली मोजणीच्या साहेबांनी पाहिली नव्हती म्हणे. सुभेदार निवडून आले. नगरपालिका मालकांकडंच राहिली, पण पुतण्या पडला, आणि तो धनगरवाड्यानं पाडला हे गुलाल उधळायच्या आधीच गावाला कळलं. अण्णा नाक्यावरून दुपारीच घरी आले. ओठ जांभळा होता आणि बाकीचा चेहरा पांढरा. ओसरीवर टेकले आणि आईला म्हणाले, "हौसा, आपल्या बायकांनी आसं का केलं गं?" आई त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. बाद म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी भांडी घासायला बसले होते. तिनं बघितलं नाही.

जीप उन्हं उतरायच्या आत आली. या वेळी दिवाणजींनी यादी काढली नाही. देवळापुढं आळी गोळा करायला सांगितली आणि पुजाऱ्याला ताट आणायला सांगितलं. मग अण्णांना पुढं बोलावलं. आवाज तसाच, हळू.

"सोपाना, हे बायकांच्या डोक्यातलं न्हवं. कुणीतरी शिकिवलंय. शिक्क्याची शाळा तुज्या वसरीला हुती."

अण्णा म्हणाले, आवं दिवाणजी, तुमीच सांगितलं म्हणून पोरीनं शिक्का कसा मारायचा तेवढं दावलं. त्यांना खरंच एवढंच माहीत होतं. दिवाणजींनी मान हलवली. म्हणाले की माझा विश्वास आहे, पण मालकांना सांगायला मला काहीतरी पाहिजे. तुझ्या घरातल्या कुणी हे शिकवलं नाही म्हणून भंडारा उचल. उचललास तर तुझं कायमचं ठरल्यासारखं. नाही उचललास तर उद्यापासून नाक्यावर येऊ नकोस, आणि मोजणीवाले पहिल्यांदा तुझ्याच घरापाशी दोरी धरतील.

अण्णा लगेच निघाले. का नाही निघणार? त्यांना काही शंकाच नव्हती. चपला काढल्या, हात धोतराला पुसला.  मला एक शब्द बोलायचा होता आणि तो बोलले असते तर अण्णांचा भंडारा थांबला असता. बाळू माझ्या परकराला धरून खोकत होता. मी ठकूआत्तीकडं बघितलं, ती चातीकडं बघत होती. सगळ्या बायका खाली बघत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं.

तेवढ्यात आई गर्दीतून पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अण्णांच्या आणि ताटाच्या मध्ये उभी राहिली.

"ह्यांनी कशापायी? ह्ये दिसभर नाक्यावर असत्यात. घरात मी हुते. मी उचलते."

दिवाणजींना ते पटलं. आईनं चिमूट घेतली, मूठ मिटली. या वेळी मूठ हलत नव्हती. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बिरोबाच्यान्, आमच्या घरातल्या कुणीबी कुणाला शिकिवलं न्हाई." आणि भंडारा कपाळाला लावला. मग वळून मला म्हणाली, बाळूला घे, आन् चल घरला, भाकऱ्या करायच्यात.

अण्णा पहिल्या सभेत कायम झाले. घरावर पत्रे आले. बाळूला मिरजेला नेलं. मी सातारला डी.एड. केलं आणि मास्तरीण झाले. सुभेदारांनी नळ आणला, तो देवळाजवळच बसवला, आणि आई त्या नळाचं पाणी सगळ्यांसारखंच भरायची. बायकांतली एकही पुढं कधी बोलली नाही. आमचं सगळं घर त्या खोट्या भंडाऱ्यावर उभं आहे, आणि आजच्या माझ्या पेन्शनीतही तो आहे, असं मला वाटतं. पण त्या दिवसानंतर आईनं कपाळाला भंडारा लावू दिला नाही. जत्रेत ताट फिरलं की "माजं ऱ्हाऊ दे" म्हणून मागं सरायची. अण्णा गेल्यावर कुंकू गेलं. भंडारा बाईला तेव्हाही चालतो, पण तोही तिनं घेतला नाही. बाळू खोकला, माझं पहिलं मूल तापानं फणफणलं, अण्णा नाक्यावर घसरून पडले, दर वेळी ती अंगणात जाऊन देवळाच्या दिशेनं बघत उभी राहायची. खोट्या भंडाऱ्याचं फळ आज येईल, उद्या येईल, म्हणून ती मरेपर्यंत वाट बघत होती. आलं काहीच नाही. बाळू आज नातवंडांना शाळेत सोडायला जातो.

शेवटची काही वर्षं ती माझ्याकडं होती. एका दुपारी आम्ही हुलगे निवडत बसलो होतो. गावाहून जत्रेचा प्रसाद आला होता, पुडीत भंडारा होता, आणि तिनं नेहमीसारखा हात आडवा केला. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. दोन शिक्के बाद होतात हे मला तेव्हा माहीत होतं, मुद्दाम सांगितलं, तुला फसवलं. ती खडे बाजूला काढत राहिली.

"म्हाईत हुतं मला," ती म्हणाली. "चालतंय म्हनालीस तवा माज्याकडं बगितलं न्हाईस तू."

मी विचारलं, मग तू तरी दोन्हीवर का मारलास? ती म्हणाली, त्या दिवशी न्हाई कळलं, मत बाद झाल्यावर तुझं तोंड आठवलं. आणि हुलगे सुपात घेत म्हणाली, तू चुकून सांगितलं असतंस तर मी तुलाच पुढं केलं असतं, चुकीला देव काय करत न्हाई, जानूनबुजून केल्यालं सोडत न्हाई.  मी पुडी कपाटात ठेवून दिली.

ती गेली तेव्हा आम्ही तिला गावीच नेलं. आता तिथं स्लॅबची घरं आहेत आणि जागेचे कागदही झालेत. अंघोळ घातल्यावर आळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. कुणाला काही माहीत नव्हतं, माहीत असलेल्या सगळ्या तिच्या आधीच गेल्या होत्या. मी चिमूट उचलली. मूठ मिटली. त्या बायकांना वाटलं मी काही पुटपुटतेय, पण मी नीट, ऐकू येईल असं म्हणाले की घरातून शिकवलं ते मी शिकवलं, जाणून शिकवलं, हिचं जे काही राहिलं असेल ते माझ्याकडं येऊ दे. आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. कपाळ गार होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. देवावर माझा विश्वास आहे की नाही हे मला विचाराल तर मी शाळेत शिकवायची तेच सांगेन. पण घरात नातू शिंकला की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघत राहते.